आठ सेकंदांची कोरडी पाठ

मामा,

परवा तुझ्या तेरवीत मामीने मला मागच्या अंगणात नेलं आणि तुझ्या वतीने माझी माफी मागितली. पंगत उठत होती, आचाऱ्याची माणसं कढया घासायला काढत होती, आणि मामीने माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता. म्हणाली, "रेणू, त्याच्या हातून तुह्यं नुकसान झालं, मले माहीत हाय. त्याले लय खात होतं ते. आता तोच नाई राह्यला. पोटात ठेवू नको वं माय." मी म्हणाले, "असू दे, मामी." जसं काही मी फार मोठ्या मनाची आहे आणि तुला सोडून दिलं. मामीने पदराने डोळे पुसले, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि बुंदीचा डबा बांधून दिला. डबा अजून ओट्यावर पडलाय. माझ्याने उघडवत नाही.

घरात, नात्यात, तुमच्या रोहणा गावात सगळ्यांना ठाऊक असलेली हकीकत अशी. रेणूला पियानोच्या एम.ए.साठी परदेशी जायचं होतं. तिथल्या विद्यालयाने प्रवेशाआधी वाजवल्याचे व्हिडिओ मागवले होते, न कापलेले, न जोडलेले. ते मामाने काढले, पण लग्नाच्या व्हिडिओची सवय, त्याने तिला न सांगता मधेच एक तुकडा कापून जोडला. तिकडच्यांनी ते पकडलं, अर्ज बाद झाला, पोरीचं वर्ष गेलं. बाबांनी तुला घर बंद केलं आणि मी तुझ्याशी बोलणं. असे सात महिने गेले. मग हिंगणीच्या एका लग्नात कॅमेरा स्टँडवर लावून तू "जरासाक बसतो" म्हणून खुर्चीवर टेकलास, तो उठलाच नाहीस.

तेरवीतही लोक हेच सांगत होते, हळू आवाजात, पण मला ऐकू येईल इतपत. हे खोटं आहे, मामा. किती खोटं आहे ते तुला आणि मलाच माहीत होतं, आणि आता तू नाहीस. तू लग्नपत्रिकेपेक्षा मोठं काही वाचायचा नाहीस आणि "लांबलं का काप" हा तुझा सगळ्यांना सल्ला असायचा. हे लांबणार आहे. आणि मी ह्यातलं काही कापणार नाही.

अर्जाबरोबर एक निबंध द्यायचा होता, संगीताकडे तुम्ही कसे वळलात. त्यात मी माझ्या नागपूरच्या पियानोच्या बाईंबद्दल लिहिलं, शिस्तीबद्दल लिहिलं, विदर्भातल्या लहान शहरात राहून हे वाद्य शिकण्याच्या अडचणींबद्दल तर दोन परिच्छेद लिहिले. तुझं नाव कुठेच नव्हतं. आता आठवलं की लाज वाटते. आर्वीच्या तुझ्या स्टुडिओत एक की-बोर्ड होता, हळदीच्या व्हिडिओखाली धून भरायला तू घेतलेला. मी सात वर्षांची, उन्हाळ्याच्या सुट्टीत रोहण्याला आलेली, आणि तू मला रोज स्कूटरवर पुढे उभी करून आर्वीला न्यायचास. त्या की-बोर्डवर मी काहीतरी वाजवलं आणि तू ते खरंच एका हळदीखाली घातलंस. नवरीच्या बापाने विचारलं, हे कोणतं गाणं होय? तू शांतपणे म्हणालास, "नवीन हाय. अजून इकडे आलं नाई." आर्वी तालुक्यातल्या कुठल्याशा घरात माझी पहिली रचना अजून पडून असेल.

खरा पियानोही तूच आणलास. नागपूरला एका लग्नाला गेलतास, त्या जुन्या घरात तो भिंतीला लावून ठेवलेला, वर पापडाचे डबे. घर रिकामं व्हायचं होतं आणि त्या लोकांना तो कुणीतरी उचलून न्यायला हवा होता. तू तिथूनच आईला फोन केलास, "ताई, बाहेरच्या खोलीचं दार मोजून ठेव." मंडपवाल्याच्या गाद्यांत गुंडाळून टेम्पोतून तो वर्ध्याला, आमच्या बोरगाव मेघेतल्या घरी आला, आणि दार मोजलं होतं पण फाटक कुणी मोजलं नव्हतं. सहा माणसं पियानो हातावर घेऊन उन्हात उभी, आणि तू बिजागऱ्या खोलतोयस. बाबा दुकानातून आले, हार्डवेअरच्या दुकानदाराला आपलं फाटक जमिनीवर पडलेलं पाहून जे वाटेल ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं. म्हणाले, "अरे बाप्पा, हे पेटी होय का कपाट?" तू म्हणालास, "भाऊजी, तुमची पोट्टी ह्याच्यात बसून परदेशात जाईन." तेव्हा सगळे हसले. मी बारा वर्षांची होते आणि मी एकटीने ते खरं मानलं.

आपलं एक भांडण कधीच मिटलं नाही. तू लग्नात जे जे बिघडायचं ते व्हिडिओतून काढून टाकायचास. रुसलेली आत्या, सांडलेली कढी, मंगलाष्टकात बेसूर झालेले काका, सगळे तुझ्या कात्रीत जायचे. एका लग्नात नवरीचा बाप दवाखान्यात होता, मंडपात येऊ शकला नाही. तू लग्नाआधीच्या साक्षगंधाच्या व्हिडिओतला त्याचा एक तुकडा घेतलास, फुलं टाकतानाचा, आणि असा लावलास की तो लेकीच्या डोक्यावर अक्षताच टाकतोय. मी तेव्हा अठरा वर्षांची, बाईंकडून नव्याने शहाणी होऊन आलेली. म्हणाले, मामा, हे खोटं आहे.

"खोटं काय वं त्याच्यात? आला असता तर असाच उभा राह्यला असता. दवाखान्यानं नाई येऊ देल्लं त्याले. म्या आणला."

मी म्हणाले, बाई सांगतात, चुकलेला सूरही आपलाच असतो, तो वाजला की पुढे जायचं, लपवायचं नाही. तू चहा बशीत ओतत म्हणालास, "चूक झाली ते झाली. पण ते दहा वर्स पाहतच राहा, असं कोणं सांगतलं?" हा वाद आपण स्कूटरवर घातला, जेवताना घातला, आईच्या देखत घातला. मी जिंकते असं मला वाटायचं, कारण मी जास्त बोलायचे. त्या बापाचा विषय निघाला की मात्र मी बोलणं दुसरीकडे वळवायचे.

मागच्या वर्षी मेमध्ये आपण ते व्हिडिओ काढायला बसलो. चार रचना पाठवायच्या होत्या. नियम मी तुला मोबाइलवरून वाचून दाखवले होते: कॅमेरा एकच, उजव्या बाजूने, चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत एक सलग. तू दोनदा विचारलंस, "म्हंजे काईच कापाचं नाई?" काहीच नाही, मी म्हणाले. "मंग मले कायले बोलावलं? तुह्या बापानं बी बटन दाबलं असतं." पण तू आलास. सहा दिवस रोज आर्वीहून आलास, लग्नसराईतली कामं दुसऱ्यावर टाकून. ती कोणती आणि किती, हे मी तेव्हा विचारलंही नाही.

सकाळी देवळाचा भोंगा आणि शिकवणीला जाणाऱ्या पोरांच्या गाड्या, संध्याकाळी पोरांचं क्रिकेट. गल्ली निपचित पडायची ती फक्त दुपारी एक ते चार. आणि वर्ध्याच्या मे महिन्यात दुपारी एक ते चार म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. कूलर बंद, कारण त्याचा आवाज. पंखा बंद, कारण त्याची खडखड. खिडक्या बंद, कारण पारवे. पियानोची लाकडं सुकू नयेत म्हणून खाली पाण्याचं घमेलं ठेवलेलं, आणि मी मनातल्या मनात म्हणायचे की ह्या घमेल्यात जाऊन बसावं. आकाशी कुर्ता तू निवडलास. काळा घातला तर मी पियानोत मिसळून जाईन म्हणे. कॅमेरा लावून तू बाहेर गल्लीत जाऊन उभा राहायचास, डोक्याला दुपट्टा बांधून, आणि कुणी गाडीवाला आला की हात जोडायचास, "पाच मिनटं थांब भाऊ, पोट्टीची परीक्षा चालू हाय." कुल्फीवाला तर तिसऱ्या दिवसापासून आपणच घंटा हातात धरून चालत जायला लागला. प्रत्येक टेकनंतर तू आत येऊन पन्ह्याचा ग्लास पुढे करायचास. "पी आधी, मंग रडजो."

तीन रचना चार दिवसांत झाल्या. चौथ्या रचनेने, फ्यूगने, दोन दिवस खाल्ले. फ्यूग म्हणजे एकच धून चार आवाजांत एकामागून एक येते आणि हात मात्र दोनच, हे मी समजावलं तेव्हा तू म्हणालास, "म्हंजे एका मंडपात चार वराती." ह्यापेक्षा नीट मला कुणीच सांगितलं नाही, बाईंनीसुद्धा. त्या फ्यूगमध्ये मधोमध एक जागा आहे, जेमतेम आठ सेकंदांची, जिथे डाव्या हाताच्या बोटांना एकमेकांखालून जायचं असतं. तिथे माझं चौथं बोट घसरतं. दोन वर्षं घसरत होतं. शेवटच्या दिवशी दुसऱ्या टेकला ती जागा अगदी स्वच्छ आली, पण बाकीचं सगळं मी घाबरत घाबरत वाजवलेलं. नवव्या टेकला मात्र मी भानच सोडलं. घाम कानामागून गळत होता, कुर्ता पाठीला चिकटून गडद निळा झाला होता आणि फ्यूग असा वाहिला की मला स्वतःलाच कळेना हे कोण वाजवतंय. आणि तिथेच, त्याच जागी, बोट घसरलं. मी थांबले नाही. शेवटपर्यंत गेले, झाकण लावलं आणि त्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडले.

तू आत आलास. ह्या वेळी पन्हं पुढे केलं नाहीस. म्हणालास, "बस झालं आता. चांगलंच वाजवलं तू. मी पायतो काय ते."

चार दिवसांनी मी आर्वीला आले. तू मला मोठ्या स्क्रीनसमोर बसवलंस आणि स्वतः जरा बाजूला, मागे स्टूल घेऊन बसलास. फ्यूग सुरू झाला. नववा टेक. ती जागा आली, आणि स्वच्छ निघून गेली.

आणि माझी पाठ कोरडी झाली, मामा. कुर्ता अचानक आकाशी. मी मोजलं, मात्रा मोजायची सवय आहे मला. आठ सेकंद पाठ कोरडी होती, मग एकदम पुन्हा ओली. सुरांचा जोड इतका बेमालूम होता की नंतर बाईंनी फोनवर ऐकून "शेवटी जमलं तर!" म्हटलं. तुला स्वरलिपीतलं अक्षर वाचता येत नव्हतं आणि तू कानाने दोन टेक असे सांधलेस की चाळीस वर्षं पियानो शिकवणाऱ्या बाईला कळू नये. फक्त घामाचं तुझ्या लक्षात आलं नाही. लग्नात कुणाचा घाम कोण पाहतं.

मला सगळं दिसलं होतं. पहिल्याच वेळी दिसलं. नियमही मीच वाचून दाखवले होते. आणि स्क्रीनपेक्षा तू माझ्याकडे पाहत होतास हेही मला कळत होतं. माणसांचे चेहरे पाहण्यावरच तर तुझं पोट होतं. फ्यूग संपला. तू विचारलंस, "कुठी काई खटकलं?"

मी म्हणाले, "नाई मामा. मस्त झालं."

तू आणखी थोडा वेळ थांबलास. बाहेर कुणीतरी पासपोर्ट फोटोसाठी हाका मारत होतं आणि तू उठला नाहीस. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबला होतास, हे मी आता म्हणते. तेव्हा मी पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला, कचोरी खाल्ली आणि दुपारच्या गाडीने वर्ध्याला आले.

जुलैत तिकडून पत्र आलं. फार सभ्य भाषेत लिहिलं होतं की फ्यूगच्या मधल्या भागात उमेदवाराच्या कपड्यांवरची ओल काही सेकंद नाहीशी होते आणि पुन्हा दिसते, त्यामुळे ध्वनिचित्रण सलग नाही असा निष्कर्ष निघतो, आणि नियमानुसार अर्ज विचारात घेता येणार नाही. कुणीतरी सात समुद्रापलीकडे बसून माझा घाम इतक्या बारकाईने पाहिला होता. मी पत्र मोठ्याने वाचलं. बाबा जेवायला आले होते, आई पोळ्या करत होती. कापलं म्हणजे काय, कुणी कापलं, बाबांनी विचारलं. मी म्हणाले, मामाने.

तेवढं खरं होतं. तिथे थांबायला हवं होतं मी. पण आईने तुला फोन लावला आणि तू संध्याकाळी आलास, आणि तू दारात दिसताच मी सुरू झाले. मला न विचारता तू हे केलंसच कसं, नियम वाचून दाखवले होते की नाही, तुला लग्नं कापायची सवय, जन्मभर तेच कर. मामा, मी इतक्या जोरात ओरडत होते की माझं मलाच खरं वाटू लागलं होतं. बाबा उठून उभे राहिले. "माह्या पोरीचं अख्खं वर्स गेलं तुह्या फोटोगिरीपायी. तिनं सांगतलं होतं का तुले कापाले? सांगतलं होतं?"

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही. मुहूर्त टळत आला असताना गर्दीत नवरीचा भाऊ कुठाय म्हणून शोधायचास, तसं. मी खाली बघितलं.

मग तू म्हणालास, "नाई भाऊजी. म्याच केलं. तिले काईच माहीत नव्हतं."

बाबांनी सांगितलं, ह्या घरात पुन्हा पाऊल ठेवू नको. तू चपला घातल्यास. आईने पाण्याचा ग्लास आणला होता, तो तसाच तिच्या हातात राहिला. आणि मी पियानोच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं, माझ्यावर केवढा अन्याय झालाय ह्या थाटात.

ह्याहून वाईट एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणालाही सांगितली नव्हती. पेनड्राइव्हमध्ये फ्यूगच्या दोन फायली होत्या. घरी येऊन संगणकाला लावला तेव्हा दिसल्या. एकीला तू नाव दिलं होतंस "रेणू फायनल". दुसरीला "रेणू जशाचं तसं". म्हणजे तू मला फसवलं नव्हतंसच. दोन्ही माझ्यासमोर ठेवल्या होत्यास, निवड माझ्यावर सोडली होतीस. मी "फायनल" पाठवली. "जशाचं तसं" उघडूनही पाहिली नाही. त्या दिवशी बाबांसमोर तू एवढं एक वाक्य बोलला असतास, "भाऊजी, म्या दोन देल्ल्या होत्या," तर सगळं तिथल्या तिथे संपलं असतं. तू बोलला नाहीस. मामीलासुद्धा सांगितलं नाहीस, हे मला परवा मागच्या अंगणात कळलं.

नंतर तुझे फोन यायचे. पहिल्या महिन्यात रोज, मग आठवड्याने. मी उचलत नव्हते. लोकांना वाटायचं मी अजून चिडलेली आहे. चिडायला माझ्याकडे होतं काय? फोन उचलला तर तू "काय करून राह्यली वं?" एवढंच विचारशील आणि त्या दिवसाचं नावही काढणार नाहीस, आणि ते मला सहन होणार नाही, म्हणून उचलत नव्हते. दरम्यान मी आणखी जोमाने रियाज करत होते. पुन्हा अर्ज करायचा होता ना. ह्या वर्षी जूनच्या आधी नवे व्हिडिओ पाठवायचे आहेत, बाई रोज विचारतात कुठवर आलं. बोट अजून घसरतं. रोज नाही, पण घसरतं.

काल मी "जशाचं तसं" पहिल्यांदा उघडली. नऊ महिन्यांनी. मामा, ती चूक एवढीशी आहे. एक सूर अर्धा दबला, पुढचा थोडा उशिरा आला, आणि फ्यूग तिला सोबत घेऊनच पुढे गेला. मी ती फाइल बाईंना पाठवली, काही न सांगता. त्यांचा फोन आला, "ही कधीची? हीच का नाही पाठवलीस? एवढ्याशा गोष्टीवरून कोणी नाही म्हणत नसतं गं." मी म्हणाले, बाई, मागाहून सांगते. शेवटचा सूर विरल्यावर त्या फाइलमध्ये आणखी थोडा वेळ जातो, मी झाकण लावते ते, आणि खिडकीबाहेरून तुझा आवाज येतो, लांबून, "झालं काय वं?" तू तो ठेवला होतास. सगळ्यांचे नकोसे आवाज कापणाऱ्या माणसाने स्वतःचा ठेवला, कारण जशाचं तसं म्हटलं की जशाचं तसं. माझा नियम तू पाळलास. मी नाही.

म्हणून आज दुपारी जेवताना सांगितलं. दोन्ही फायलींचं, कोरड्या पाठीचं, आर्वीतल्या कचोरीचंही. बाबांनी घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "मंग त्यानं मले काऊन नाई सांगतलं?" आणि स्वतःच मान हलवली, कारण उत्तर त्यांना कळलं होतं. म्हणाले, "किती बोललो मी त्याले." हात धुवून ते दुकानात जायला निघाले आणि गाडीची किल्ली विसरून पायीच गेले.

आई ओट्यापाशी उभी होती. ती भांडी आवरत होती. मला वाटलं ती रडेल, मारेलही कदाचित. तिने ओट्याकडे तोंड ठेवूनच विचारलं, "भाऊबीजेच्या दिवशी तुले माहीत होतं?"

भाऊबीजेच्या दिवशी, मामा, तू घरी येऊ शकत नव्हतास आणि आईला तू आल्याशिवाय जेवायचं नव्हतं. बाबांच्या शब्दाबाहेर तुम्ही दोघंही जाणार नव्हता. म्हणून तू बोरगावच्या वळणावर पेट्रोल पंपापाशी गाडी लावून बसलास. आई ओवाळणीचं ताट पदराखाली झाकून, निरांजन विझू नये म्हणून हाताचा आडोसा करून, भर दुपारी रस्त्याने चालत गेली. घरापासून तिथवर दहा मिनिटं. निरांजन वाटेत विझलं असणार. तिने तुला गाडीच्या पुढच्या सीटवर बसवून ओवाळलं, करंज्या दिल्या आणि परत आली. ती जाताना मी पियानोवर होते. ती येतानाही मी पियानोवरच होते. खिडकीतून मला ती दोन्ही वेळा दिसली. ती तुझी आणि तिची शेवटची भाऊबीज होती.

"हो," मी म्हणाले. "माहीत होतं."

आईने हातातलं ताट फडक्याने पुसलं, जागेवर ठेवलं, दुसरं घेतलं, तेही पुसलं. मग म्हणाली, "उद्या रोहण्याले जाजो. वैनीले सांग, तिच्या माहेरच्यायले सांग, तेरवीत जे जे होते त्या समद्यायले सांग. मी तुह्यासंग येत नाई."

सकाळच्या आर्वीच्या गाडीने निघतेय. मामीने तुझ्यासाठी माझ्याकडे माफी मागितली आणि मी ती घेऊन आले. उद्या तिच्या दारात उभी राहून मी सांगेन की मामी, तुझ्या नवऱ्याने माझं काहीच बिघडवलं नव्हतं. ती हाकलून देईल तर देईल. ती आत घेईल ह्याचीच मला जास्त भीती वाटते, कारण तू घेतलं असतंस.